इतक्या प्रकारच्या बँका लागतातच कशाला?

गोदातीर
नमस्कार मंडळी. मी पंचवटीत अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते. बँकांचे प्रकार हा धडा दरवर्षी येतो आणि दरवर्षी पाठांतरात वाया जातो. मध्यवर्ती बँक, व्यापारी बँक, सहकारी बँक, ग्रामीण बँक, विकास बँक... पोरं घडाघडा म्हणतात, मार्क मिळवतात आणि विसरतात.

यंदा एका मुलीने हात वर केला. "मॅडम, सगळ्याच बँका पैसे घेतात आणि कर्ज देतात. मग एवढे प्रकार कशाला? एकच मोठी सरकारी बँक का नाही?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं. तिचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही.

म्हणून प्रश्न उलटा करून इथे टाकते. उद्या यातला एक प्रकार बंद पडला, तर तुमचं नेमकं कुठलं काम अडेल? आपल्या नाशिक जिल्ह्यात द्राक्ष-कांदा आहे, सातपूर-अंबडचे कारखाने आहेत, मालेगावचे माग आहेत, सुरगाणा-पेठचा डोंगरपट्टा आहे, नोटांचा छापखानाही आहे. इथल्यापेक्षा चांगली उत्तरं कुठे मिळणार? एकच विनंती. हे वर्गात वाचून दाखवणार आहे, तेव्हा तक्रार असेल तर संस्थेचं नाव लिहू नका.

प्रेस_कॉलनी
छापखान्याचं नाव निघालं म्हणून पहिला नंबर माझा. आमच्या दोन पिढ्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये गेल्या. मुलांना एक गोष्ट नक्की सांगा. नोटप्रेस नाशिकमध्ये आहे म्हणून रिझर्व्ह बँक नाशिकमध्ये आहे असं नाही. करन्सी नोट प्रेस १९२८ साली सुरू झाला. तोवर आपल्या नोटा इंग्लंडमधून छापून यायच्या. रिझर्व्ह बँक आली त्यानंतर, १ एप्रिल १९३५ला. आजही नाशिकरोड आणि देवासचे छापखाने केंद्र सरकारच्या महामंडळाचे आहेत. म्हैसूर आणि सालबोनीचे रिझर्व्ह बँकेच्या कंपनीचे.

प्रेसमधून बाहेर पडते ती नोट. रिझर्व्ह बँक ती चलनात आणते तेव्हा तिचा पैसा होतो. एक रुपयाची नोट तेवढी सरकारची, तिच्यावर गव्हर्नरांची नाही, वित्त सचिवांची सही असते. ज्यांच्याकडे जुनी असेल त्यांनी काढून बघा.

मिसळप्रेमी_सिडको
लहानपणी मला वाटायचं, प्रेसमध्ये काम करणाऱ्यांना पगार तिथल्या तिथे छापून देत असतील. :)

प्रेस_कॉलनी
@मिसळप्रेमी, हे प्रत्येक पाहुण्याने विचारलंय आम्हाला!

निवृत्त_शाखाधिकारी
छान धागा. मी राष्ट्रीयीकृत बँकेत होतो, जिल्ह्यातल्या बऱ्याच शाखा पाहिल्या. रिझर्व्ह बँकेपासून सुरुवात करतो, कारण ती वजा केली तर बाकीच्यांचा एकमेकींशी व्यवहारच थांबतो.

तुम्ही तुमच्या बँकेतून दुसऱ्या बँकेत आरटीजीएसने पैसे पाठवता तेव्हा गाडी भरून नोटा जात नाहीत. दोन्ही बँकांची खाती रिझर्व्ह बँकेत असतात. एकीच्या खात्यातून वजा, दुसरीच्या खात्यात जमा. म्हणून तिला बँकांची बँक म्हणतात. प्रत्येक बँकेने आपल्या ठेवींचा काही हिस्सा तिच्याकडे ठेवायचाच असतो, तो सीआरआर. २०२५ मध्ये तो ४ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ३ टक्क्यांवर आणला. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण देशभरच्या ठेवींवर तेवढी रक्कम कर्जासाठी मोकळी होते. सरकारची बँक तीच, परकीय चलनाचा साठा तिच्याकडे, बँकांना परवाना देणारी आणि काढून घेणारीही तीच. सामान्य माणसाचं खातं मात्र तिथे उघडत नाही.

ती सुरुवातीला खासगी भागधारकांची होती. १ जानेवारी १९४९ला सरकारच्या मालकीची झाली. तेव्हा गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख, आपल्या रायगडचे आणि त्या पदावरचे पहिले भारतीय. हे वर्गात जरूर सांगा.

स्पष्टवक्ता
मी त्या मुलीच्या बाजूने. रिझर्व्ह बँक हवी, मान्य. पण खाली एक मोठी सरकारी बँक पुरे. सहकारी बँका म्हणजे पुढाऱ्यांचे अड्डे, ग्रामीण बँका तोट्यात चालणार, पतसंस्था बुडणार. आता मोबाईलवर सगळं होतं. गावोगाव वेगळी पाटी लावून प्रत्येकाचं वेगळं संचालक मंडळ पोसायचं कशासाठी? सरकारी बँकांची विलीनीकरणं झाली, २०२० पासून १२च उरल्या. कुणाचं काय अडलं?

द्राक्षवेल
स्पष्टवक्ता भाऊ, दिंडोरी तालुक्यात या, काय अडतं ते दाखवतो.

आमच्या गावात विविध कार्यकारी सोसायटी आहे, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणारी सहकारी संस्था. एक खोली, दोन कपाटं, एक सचिव. तो सचिव माझ्या बापाला ओळखतो, माझा सातबारा त्याला पाठ आहे. कुणाच्या बागेत गारपीट झाली, कुणाच्या विहिरीचं पाणी जानेवारीत तळाला जातं, हे त्याला विचारावं लागत नाही. सोसायटीला पैसा येतो जिल्हा बँकेकडून, जिल्हा बँकेला राज्याच्या शिखर बँकेकडून, आणि वरून नाबार्डचं, म्हणजे शेती-ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेचं, फेरकर्ज (पुढे वाटण्यासाठी बँकेला दिलेलं कर्ज). अशी ही उतरंड आहे. एकरी किती पीककर्ज मिळणार ते पिकानुसार जिल्ह्याची समिती ठरवते, द्राक्षाला वेगळं, कांद्याला वेगळं. वेळेत फेडलं तर राज्याच्या सवलतीमुळे ३ लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं.

मार्च एंडला सोसायटीत काय चालतं ते मुलांना माहीत नसेल. त्याला आम्ही "नवं-जुनं करणं" म्हणतो. जुनं कर्ज पूर्ण भरायचं आणि लगेच नवं उचलायचं. पण भरायला पैसा हवा ना. कारण मार्चमध्ये निम्मी बाग तोडायची असते आणि ज्याची तुटली त्याला व्यापाऱ्याने पैसे दिलेले नसतात. मग चुलत्याकडून, मेव्हण्याकडून, खतवाल्याकडून उसने घ्यायचे, सकाळी भरणा करायचा, पावती घेऊन बाकावर बसायचं. नवं कर्ज खात्यावर पडलं की ज्याचे त्याला परत. कुणी देणारा नसला तर सावकार, आणि तो त्या चार-आठ दिवसांचंही सणसणीत व्याज कापून घेतो. बाकावर बसलेल्या माणसांचे चेहरे बघितले की कळतं कुणी कुणाकडून आणलेत.

ही पद्धत चांगली आहे असं मी म्हणत नाही. पण गावात सोसायटी आहे म्हणून हे जमतं तरी. शहरातली मोठी बँक मला द्राक्षाची खरड छाटणी आणि गोडी छाटणी यातला फरक विचारते.

कळवणची_लेक
+१. नवं-जुनंच्या दिवसांत आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. अगदी हेच चित्र.

स्पष्टवक्ता
द्राक्षवेल, तुम्ही सोसायटीची बाजू मांडताय, पण तुमच्याच वर्णनात सावकार परत आला की! मग शंभर वर्षांत सहकाराने केलं काय?

निवृत्त_शाखाधिकारी
प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडं मागे जावं लागेल.

१८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जाचे कागद जाळले. दख्खनचे दंगे म्हणतात ते हेच. जमिनी जात होत्या आणि कर्ज देणारा दुसरा कुणी नव्हता. पुढे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला, त्यामागे ही सगळी पार्श्वभूमी होती. गावाने एकत्र येऊन ठेवी ठेवायच्या, एकमेकांच्या जबाबदारीवर कर्ज द्यायचं, असा विचार.

पण कायद्याने लगेच काही बदललं नाही. स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने गोरवाला समिती नेमून ग्रामीण कर्जाची पाहणी केली. १९५१-५२ची स्थिती अशी होती की शेतकऱ्याच्या कर्जात सहकाराचा वाटा सुमारे ३ टक्के, व्यापारी बँकांचा १ टक्काही नाही. उरलेलं बहुतेक सावकार आणि व्यापाऱ्यांचं. त्या समितीत आपले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळही होते. या अहवालातूनच इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली, १ जुलै १९५५ला.

तरीही शहरातल्या बँका गावात जाईनात. ठेवी गावाच्याही घेत, कर्ज मोठ्या उद्योगांना. मग १९ जुलै १९६९ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण, १९८० मध्ये आणखी ६. त्याच सुमारास प्रत्येक जिल्ह्याला एक अग्रणी बँक (जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा मेळ घालणारी) नेमली, आपल्या नाशिकला बँक ऑफ महाराष्ट्र. १९७५ मध्ये ग्रामीण बँका. १२ जुलै १९८२ला नाबार्ड.

हे नीट पाहिलं तर प्रत्येक नवा प्रकार आधीच्याने सोडलेल्या माणसासाठी निघालाय. कुणी टेबलावर बसून तक्ता आखला नव्हता. एकच बँक असती आणि तिने तुमचा अर्ज नाकारला असता, तर तुम्ही त्याच दिवशी सावकाराच्या ओट्यावर गेला असता. मी स्वतः अर्ज नाकारलेले आहेत, कारण वरून आलेल्या नियमात ते बसत नव्हते. त्यातल्या कित्येकांना नंतर शहरातल्या नागरी सहकारी बँकेने उभं केलं. ते दुकानदार आजही भेटतात.

मेनरोडकर
काका, मी त्यातलाच एक. तुमच्या शाखेतला नव्हे, पण तसाच.

मेनरोडला कापडाचं दुकान. वडिलांच्या काळात हिशेब वहीत. तीन वर्षांचा ताळेबंद मागितला की आम्ही गप्प. नागरी सहकारी बँकेत अर्ज दिला तर शाखेचा माणूस दुकानात आला. कपाटातले तागे बघितले, गल्ल्यावर बसून गिऱ्हाईक बघितलं, शेजारच्या सराफाला आमच्याबद्दल विचारलं. दिवाळीच्या आधी सीसी मंजूर. सीसी म्हणजे कॅश क्रेडिट. मालाच्या तारणावर मर्यादा मिळते, लागेल तसं उचलायचं, विक्री झाली की भरायचं, जेवढं वापरलं तेवढ्यावरच व्याज. व्यापाऱ्याचा श्वास त्यावर चालतो.

नाशिक मर्चंट्ससारख्या बँका व्यापाऱ्यांनीच उभ्या केल्या. लहान कर्जदाराला नागरी बँक बंद झाली तर पहिला फटका बसेल.

कांदा_मार्केट
लासलगावहून. आमचं गणित फार साधं आहे आणि फार घट्ट आहे. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर लिलावात उभा राहिला की त्याचे पैसे लगेच द्यायचे, बाजार समितीचा नियमच तसा. मी तो कांदा निवडून, गोण्या भरून कोलकात्याला किंवा चेन्नईला पाठवतो. तिकडून पैसे यायला दोन-तीन आठवडे, भाव पडला तर आणखी उशीर. मधलं अंतर कोण भरणार? बँकेची सीसी. ती एक दिवस थांबली तरी मी लिलावात बोली लावू शकत नाही. माझ्यासारखे दहा थांबले तर भाव पडतो, आणि तो पडतो शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर.

मी दोन ठिकाणी खाती ठेवतो. खासगी बँकेतून पैसे झटपट येतात-जातात, तिचं ॲप चांगलं. पण हंगामात मर्यादा तात्पुरती वाढवून हवी असेल तर खासगीवाला म्हणतो मुंबईहून मंजुरी येईल. तोवर हंगाम जातो.

मिसळप्रेमी_सिडको
अवांतर: सध्या कांद्याचा भाव काय चाललाय हो? घरी विचारलंय.

कांदा_मार्केट
वेगळा धागा काढा, इथे मास्तरीणबाई रागावतील. :)

सातपूर_लेथ
सातपूरला छोटं वर्कशॉप आहे, मोठ्या कंपनीला पार्ट पुरवतो. इथे "विकास बँक" हा प्रकार कुणी घेतलाच नाही, म्हणून लिहितो.

संगणकावर चालणारं सीएनसी मशिन घ्यायचं तर लाखांत पैसे लागतात आणि ते पाच-सात वर्षांत वसूल होतात. साध्या बँकेकडे ठेवी वर्ष-दोन वर्षांच्या. तिने सगळा पैसा लांबच्या कर्जात अडकवला आणि ठेवीदार मागायला आले तर? म्हणून लांब मुदतीच्या कामासाठी वेगळ्या संस्था काढल्या. उद्योगांसाठी आयएफसीआय १९४८ मध्ये, निर्यातीसाठी एक्झिम बँक १९८२ मध्ये, लघुउद्योगांसाठी सिडबी १९९० मध्ये. सिडबी स्वतः कर्ज देते, पण तिचं मोठं काम मागून चालतं. ती बँकांना फेरकर्ज देते. सरकारच्या जोडीने तिने एक हमी ट्रस्टही उभारलाय. माझ्याकडे गहाण ठेवायला प्लॉट नव्हता, शेड भाड्याचं. त्या ट्रस्टच्या हमीवर राष्ट्रीयीकृत बँकेने मशिनचं कर्ज दिलं. ती हमी नसती तर मी आजही दुसऱ्याच्या मशिनवर असतो.

दुसरी अडचण बिलांची. माल जातो, बिल मंजूर होतं, पैसे ९० दिवसांनी. लहान पुरवठादाराला ४५ दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा आहे, पण मोठ्या गिऱ्हाइकाशी कायद्याची भाषा कोण बोलणार? आता ट्रेड्स नावाची सोय आहे, रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालते. मोठ्या कंपनीने मान्य केलेलं बिल तिथे टाकायचं, बँका त्यावर बोली लावतात, व्याज कापून पैसे लगेच खात्यात. कंपनीने नंतर पैसे दिले नाहीत तरी बँक माझ्याकडे परत येत नाही. अंबड-सातपूरच्या कित्येक वर्कशॉपवाल्यांना याची माहितीच नाही. ज्यांना माहिती हवी त्यांनी मला व्यक्तिगत निरोप टाका, मी नोंदणी कशी करायची ते सांगेन.

द्राक्षवेल
सातपूर दादांचं पटलं. शेतीतही लांबच्या कर्जाची तीच गोष्ट. द्राक्षाचा मांडव, तार, अँगल, ठिबक यांचा खर्च पीककर्जात बसत नाही. पूर्वी त्यासाठी भूविकास बँक होती. जमीन तारण घेऊन विहीर-पाइपलाइनला लांब मुदतीचं कर्ज द्यायची. ती राज्यात बंद पडली. म्हणजे मॅडमचा प्रश्न आमच्याकडे खरोखर घडून गेलाय! तेव्हा काय अडलं? ज्यांची जमीन बरी, कागद स्वच्छ, ते राष्ट्रीयीकृत बँकेत गेले. ज्यांच्या सातबाऱ्यावर भाऊबंदांची नावं अडकलेली, त्यांनी मांडवच टाकला नाही, सोयाबीनवर राहिले. माझ्या शिवारात अशा दोन शेतांच्या मध्ये बांध आहे, फरक डोळ्यांनी दिसतो.

निर्यातीलाही वेगळी बँक लागते. कंटेनर नेदरलँडला जातो, पैसे युरोत येतात. परकीय चलनाचा परवाना असलेल्या बँकेशिवाय ते घेता येत नाहीत. सोसायटी तिथे काही करू शकत नाही.

जमाखर्च
मी सनदी लेखापाल. इथे "सहकारी बँक" आणि "पतसंस्था" हे एकाच दमात म्हटलं गेलंय (स्पष्टवक्तांनी वर), ते वेगळं करायला हवं. या गोंधळात लोकांचे आयुष्यभराचे पैसे जाताना मी पाहिलेत.

सहकारी बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना असतो. तिच्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे ५ लाखांपर्यंत, मुद्दल आणि व्याज धरून, त्या बँकेच्या सगळ्या शाखा मिळून. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. विमा सरकारी, खासगी, परदेशी, ग्रामीण, स्मॉल फायनान्स, पेमेंट्स, सहकारी अशा सगळ्या बँकांना आहे. हप्ता बँक भरते, तुम्ही नाही.

पतसंस्थेचं तसं नाही. ती राज्याच्या सहकार खात्याकडे किंवा बहुराज्यीय असेल तर केंद्रीय निबंधकाकडे नोंदलेली असते. रिझर्व्ह बँकेचा परवाना नाही, ठेव विमा नाही. बाहेर काचेचं दार, आत एसी, टोकनचं मशिन, पासबुक, सगळं बँकेसारखं. माझ्याकडे एक निवृत्त जोडपं आलं होतं. फंडाची सगळी रक्कम एका पतसंस्थेत, कारण व्याज दीड टक्का जास्त. संस्था बंद पडली. काकूंनी पिशवीतून पावत्या काढल्या, प्रत्येक पावती प्लॅस्टिकच्या वेगळ्या कव्हरमध्ये, मुदत संपायच्या तारखेप्रमाणे लावलेल्या. मला त्यांना सांगावं लागलं की या कागदांमागे विमा नाही. त्यांनी विचारलं, "पण पाटीवर शासनमान्य लिहिलं होतं ना?"

चांगल्या पतसंस्था आहेत, आणि रोजच्या कमाईतून पिग्मी भरणाऱ्या भाजीवालीला त्या खरोखर उपयोगी पडतात. पण तिथे म्हातारपणाची सगळी पुंजी ठेवू नका. ठेव विमा महामंडळाच्या संकेतस्थळावर विमा असलेल्या बँकांची यादी आहे. पैसे ठेवण्याआधी नाव त्यात आहे का बघा. पोस्टात ठेवत असाल तर तिथे केंद्र सरकारची हमी असते, तो वेगळा प्रकार.

स्पष्टवक्ता
जमाखर्च ताई, माहितीबद्दल आभार. पण यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं. सरकारी बँकेत ठेवले असते तर त्या काकूंवर ही वेळ आली नसती.

जमाखर्च
त्या काकूंपुरतं बरोबर. पण "सहकारी तेवढी बुडते" हे खरं नाही. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, दोन्ही खासगी व्यापारी बँका. त्या धक्क्यातून ठेव विम्याचा कायदा झाला. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले तेव्हा स्टेट बँकेच्या पुढाकाराने तिला सावरलं. २०१९ मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र) ही सहकारी बँक अडचणीत आली, तिच्या मोठ्या ठेवीदारांना टप्प्याटप्प्याने, काहींना तर १० वर्षांपर्यंत थांबायला लावणारी योजना आली.

दोन्हींकडे बुडण्याचं मूळ कारण एकच असतं. थोड्या लोकांना फार मोठी कर्जं, आणि बघणाऱ्याने वेळेत न बघणं. सहकारी बँकांवर पूर्वी सहकार खातं आणि रिझर्व्ह बँक अशी दुहेरी देखरेख होती. २०२०च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. माझं मत विचाराल तर प्रकार कितीही असोत, देखरेख कडक हवी. सगळी अंडी एका टोपलीत ठेवून ती टोपली सरकारची आहे म्हणून निर्धास्त राहणं मला पटत नाही.

बँकमित्र_सुरगाणा
सगळे नाशिक शहर आणि बागायती तालुक्यांचं लिहीत आहेत, थोडं आमच्या डोंगराकडे या.

मी बँकमित्र आहे. माझ्याकडे एक हातातलं मशिन, अंगठा लावायचं यंत्र आणि एक वही. पाड्यावर जातो, निराधारांचं मानधन, रोजगार हमीची मजुरी लोकांच्या हातात देतो. बँकेची शाखा लांब, गाडी दिवसातून ठरावीक वेळेलाच. मोबाईलवर सगळं होतं म्हणणाऱ्यांनी एकदा इकडे येऊन रेंज शोधावी.

नाचणी लावून, लाकडं फोडून म्हाताऱ्यांच्या अंगठ्याच्या रेषा गेलेल्या असतात. मशिन लाल दिवा दाखवतं. मग बोट ओल्या फडक्याने पुसायचं, पदराला कोरडं करायचं, दुसरं बोट, तिसरं बोट. काही वेळा दहाही बोटं झाली तरी नाही. त्या आजीला परत पाठवताना मला काय वाटतं ते लिहीत नाही. डोळ्याच्या बुबुळाचं यंत्र आलं तर हा त्रास मिटेल, पण आमच्या केंद्रावर ते अजून नाही.

ग्रामीण बँक का हवी? कारण ती जिल्ह्या-तालुक्यापुरतं बघण्यासाठीच काढली. तिच्यात केंद्राचे ५० टक्के, राज्याचे १५ आणि पुरस्कर्त्या बँकेचे ३५ टक्के भांडवल असतं. मे २०२५ पासून राज्यात एकच महाराष्ट्र ग्रामीण बँक आहे. आमच्या बचत गटांना तिथून कर्ज मिळालं. शेळ्या घेतल्या, पिठाची गिरणी टाकली. बाया महिन्याला बैठक घेतात आणि कुणाचा हप्ता चुकला तर बाकीच्या तिच्या घरी जातात. नाबार्डने १९९२ मध्ये गटांना बँकेशी जोडण्याचं काम सुरू केलं, त्याचं फळ आमच्याकडे दिसतं.

पोस्टमनकाका पण आता बँक घेऊन येतात. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक. पण पेमेंट्स बँकेला कर्ज देता येत नाही, आणि दिवसअखेर खात्यात २ लाखांवर ठेवताही येत नाही. पैसे पोचवायला उत्तम, शेळी घ्यायला उपयोग नाही. मॅडम, "प्रकार कशाला" याचं उत्तर आमच्या पाड्यावर या एका वाक्यात मिळतं.

कळवणची_लेक
दादा, अंगठ्याचं वाचून आजी आठवली. असंच लिहीत राहा.

निवृत्त_शाखाधिकारी
बँकमित्र, तुमच्यासारख्यांच्या कामाला शाखेतही पुरेसा मान मिळत नाही. इथे तरी नमस्कार घ्या.

स्पष्टवक्ता
सुरगाण्याचा मुद्दा मान्य. तिथे मोठ्या बँकेला स्वतःहून जावंसं वाटणार नाही, हे मीही म्हणतो. पण सोसायटी आणि जिल्हा बँकांच्या निवडणुकीत जे चालतं, त्यावर माझं मत कायम आहे. कर्ज कुणाला द्यायचं हे मत कुणी दिलं त्यावर ठरता कामा नये.

द्राक्षवेल
त्यावर तुमच्याशी भांडण नाही भाऊ. तेवढं सुधारलं तर आम्हालाच हवंय. फक्त सुधारायच्या ऐवजी बंद करू नका. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी झाली तेव्हा जिल्हा बँकांना जुन्या नोटा घेण्यावर काही दिवसांतच बंदी आली. सोसायटीचा भरणा तिथेच व्हायचा. सगळ्या गावाचं चाक थांबलं होतं, ते दिवस सगळ्यांनी बघितलेत.

संपादक
निवडणुका आणि पक्ष यांवरची चर्चा इथेच थांबवूया. बँकांवर जरूर लिहा.

गोदातीर
इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार.

काल वर्गात द्राक्षवेल, सातपूर_लेथ आणि बँकमित्र यांचे प्रतिसाद वाचले. त्याच मुलीने फळ्यावर येऊन तीन नावं लिहिली, आजी, वर्कशॉपवाले आणि बागायतदार, आणि प्रत्येकाला किती दिवसांसाठी पैसा लागतो ते पुढे लिहिलं. आजीला आजच, बागायतदाराला एक हंगाम, मशिनला पाच-सात वर्षं. मग तिने विचारलं, "ज्याच्याकडे एक दिवसाचा पैसा आहे त्याने सात वर्षांचं कर्ज कसं द्यायचं?" धडा तिथून पुढे तिनेच शिकवला. स्पष्टवक्तांचा निवडणुकीचा मुद्दाही वाचला, त्यावर दोन बाकांत जोरदार वाद झाला. जमाखर्च ताईंचं वाचल्यावर एक मुलगा घरी जाऊन आजोबांच्या पावत्या बघणार आहे.

आता एक मागणी. मुलांना प्रत्यक्ष सोसायटी दाखवता येईल का? आणि सातपूरला ट्रेड्सचं एखादं बिल पडद्यावर?

द्राक्षवेल
अवश्य आणा. मार्चमध्ये नको, सचिवाला श्वास घ्यायला वेळ नसतो आणि माणसंही काळजीत असतात. जूनमध्ये शाळा-कॉलेज सुरू झालं की या. सचिवाशी बोलून ठेवतो, कर्जवाटपाचं रजिस्टर लोकांची नावं झाकून दाखवेल. दुपारचं जेवण आमच्याकडे.

सातपूर_लेथ
माझ्याकडे शनिवारी या, त्या दिवशी मशिनला सुट्टी. बिल कसं चढतं आणि बोली कशी लागते ते दाखवतो. एका वेळी पंधराच्या आत मुलं आणा, शेड लहान आहे.

जमाखर्च
मीही येते. मुलांना सांगा, घरातल्या एका ठेवपावतीचा फोटो आणायचा, नाव आणि रक्कम झाकून. संस्थेचं नाव विम्याच्या यादीत आहे का ते तिथेच बघू. नसेल तर त्याच संध्याकाळी घरच्यांशी मी फोनवर बोलेन.